पहिली वाम कुणाची

११ जानेवारी, रविवार

दोन तास! क्लेमेंट दोन तास वामेवर बोलला आणि आख्ख्या हॉलमधल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही की बाबा रे, तू स्वतः शेवटची वाम कधी मारलीस? वाम म्हणजे आपली बहीण. वाम म्हणजे आपली आठवण. वाम म्हणजे पाण्याने लिहिलेलं काहीतरी — काय लिहिलेलं ते मी विसरले, कारण तेव्हा माझं लक्ष बिस्किटांच्या ताटाकडे होतं.

अंगात आमचा समारंभाचा, रिबिनी शिवलेला सदरा. पाठीवर वेणी. ती वेणी तो इथल्या जवळच्या सिडनी शहरातून परत आला तेवढीच जुनी. त्याआधी तिथे दुकानात सोफे विकायचा, आणि विकतानाही असाच बोलत असणार — सोफा म्हणजे आपली बहीण. शाळेत माझ्या एक वर्ग पुढे होता. तेव्हा त्याचं नाकसुद्धा दुसऱ्या कुणालातरी पुसावं लागायचं. आता सांस्कृतिक केंद्राने त्याला ‘ज्येष्ठ’ म्हणून नेमलंय. नेमतात म्हणे आता! पूर्वी आमच्यात माणूस नुसता म्हातारा व्हायचा. पोरं आपली पहिली शिकार त्याच्या दारात आणून ठेवायला लागली की त्याला कळायचं, अरेच्चा, आपण म्हातारे झालो. पत्रक वगैरे निघत नसे.

सुरुवातीला शुद्धीचा धूर केला. गोड गवत आमच्या तळ्याकाठी रानभर उगवतं, आणि हा गडी कुठल्या तरी वाळवंटातलं झुडूप ऑनलाइन मागवून जाळतो. मला ठसका लागला. ट्रीनाने डोळे वटारले. माझीच मुलगी, केंद्रात नोकरीला. तिचाच हा सगळा घाट.

घाट कशासाठी, ते मात्र खरं आहे. मॅडलिनच्या खाडीत शहरवाल्यांना त्यांच्या नौकांसाठी धक्का बांधायचाय. त्यासाठी खाडीचा तळ खरवडून काढणार. तळ खरवडला की गाळ गेला, आणि गाळ गेला की हिवाळ्यात त्यात झोपणारी वाम गेली. मॅडलिन म्हणजे माझी आजी, आईची आई. खाडीला नाव तिचंच. पुढच्या महिन्यात प्रांताची समिती सुनावणीला येणार. धक्का बांधणाऱ्या कंपनीचं म्हणणं एकच — राजाशी झालेल्या जुन्या तहात असेल या मूळ रहिवाशांना हक्क, पण तिथे वाम मारतंय कोण? कुणीच नाही.

आणि त्याला उत्तर द्यायला आम्ही उभं कोणाला करणार, तर क्लेमेंटला. धन्य आहे.

१२ जानेवारी, सोमवार

ट्रीनाने मला न विचारता केंद्राच्या वर्गात माझं नाव घातलं. ‘वामेची विद्या आणि तहाचे हक्क, ज्येष्ठांकडून.’ का म्हणून विचारलं, तर म्हणे, आई, तुझ्याकडे पिकअप आहे ना. एवढी माझी पात्रता.

१७ जानेवारी, शनिवार

क्लेमेंटच्या वर्गाला जायचं नाही हे ठरलेलंच होतं. त्याऐवजी एम्ब्रोझ मामाकडे गेले. आईचा धाकटा भाऊ. हिवाळ्यात बर्फातून वाम मारणारा आमच्या राखीव वस्तीतला, रिझर्व्हवरचा शेवटचा माणूस, पण कंबर मोडल्यापासून त्याचा भाला भिंतीला आणि तो खुर्चीला.

“मामा, समितीपुढे तूच बोल की.”

“नाही.”

“का?”

“उंच टेबलामागे बसून प्रश्न विचारणाऱ्यांपुढे मला लहानपणी भरपूर उभं केलंय. आता मी बसतो. त्यांना उभं राहायचं असेल तर इथे येऊ देत.”

लहानपणी घरातून उचलून नेऊन घातलं त्या पाद्र्यांच्या शाळेबद्दल तो एवढंच बोलतो. बोलून झालं की टीव्हीवर हॉकी लावतो. तशी आजही लावली.

मी म्हटलं, मग मला शिकव. मग माझ्या पायांकडे बघून म्हणाला, “हे बूट घालून?”

हाच होकार, असं ट्रीनाचं मत. वाटेल ते! होकार म्हणून मी त्याच्या शेगडीचं धुराडं साफ केलं, लाकडं आत आणून रचली आणि त्याला बिंगोला नेऊन परत आणलं. वामेबद्दल एक अवाक्षर नाही. येताना म्हणाला, पुढच्या शनिवारी चहा कडक आण.

२४ जानेवारी, शनिवार

बर्फावर गेलो. म्हणजे मी गेले, मामाला घसरगाडीवर बसवून ओढत नेला. पालथ्या बादलीवर बसला, गुडघ्यावर घोंगडी, हातात माझ्याच थर्मासचा चहा. राजा!

भाला माझ्या दुप्पट उंच. टोकाला मधोमध लोखंडी काटा, दोन्ही बाजूंनी लाकडी जबडे. बर्फाला भोक पाडायचं, भाला खाली सोडायचा, गाळात खुपसत खुपसत गोल फिरायचं. दिसत काही नाही. सगळं हाताने कळायचं म्हणे.

“भोक कुठे पाडू?”

“तुला कुठे पाडावंसं वाटतंय?”

“मला घरी जावंसं वाटतंय.”

“मग घराच्या बाजूला पाड.”

असला मास्तर! मी खुपसतेय, वारा तोंडावर, नाकातलं पाणी गोठलेलं. हा मागून विचारतो, “काय लागलं?” मी म्हटलं, चिखल. “कसला चिखल?” अहो, चिखल कसला असतो! चिखलासारखा चिखल. पुढच्या भोकाशी पुन्हा, काय लागलं? चिखल. कसला? दिवसभर हेच. क्लेमेंट निदान बिस्किटं तरी ठेवतो.

एकच गोष्ट त्याने स्पष्ट सांगितली. भोक सोडून पुढे जाताना त्यात फरच्या झाडाची हिरवी फांदी खोचायची, म्हणजे मागून येणाऱ्याला कळेल की इथे बर्फ नाही, पाणी आहे. एका भोकाला मी विसरले. एवढ्या वाऱ्यात मला परत पाठवलं, आणि मी फांदी खोचून येईपर्यंत तोंड फिरवून बसला.

परतताना पिकअपमध्ये मी त्याला क्लेमेंटच्या भाषणातल्या तहाच्या चित्रफिती सांगितल्या. पडद्यावर सनावळ्या, राजाची मोहर, सरदारांच्या सह्या. मामा म्हणाला, “कागद त्यांना हवा होता. आपण तोंडाने म्हटलं — राहा. एवढाच तह. जो दुसऱ्याला राहा म्हणतो, त्याने काय स्वतःचं घर सोडलेलं असतं?”

हे मात्र पटलं. पण त्याला तसं सांगितलं नाही. आधीच कमी भाव खातो का?

२६ जानेवारी, सोमवार

दोन्ही खांदे कामातून गेले. मी चालवते त्या शाळेच्या बसचं दार ओढताना तोंडातून आवाज निघाला. मागून एक कार्टं म्हणतं, लोरेटा मावशी म्हातारी झाली. उद्या पायी पाठवते एकेकाला शाळेत.

३१ जानेवारी, शनिवार

मिळाली!

दुपार कलली होती. गाळ ढवळताना भाल्यावर काहीतरी वेगळं आलं. दगड नाही, मूळ नाही. दाबलं की दबतं आणि आपल्याला परत ढकलतं. अंगावर काटा आला. मामा काही न विचारता उठून उभा राहिला, मोडक्या कंबरेने. मी दाबलं आणि ओढलं. वर आली ती माझ्या दंडाएवढी जाड, पोट पिवळं, बर्फावर पडल्या पडल्या स्वतःची गाठ मारून घेतली. मी ओरडले. मामा हसला. मामाला हसताना शेवटचं कधी पाहिलं होतं आठवत नाही.

मी वाम बादलीत घालून त्याच्यापुढे ठेवली. पहिली शिकार म्हाताऱ्यांना द्यायची, एक घाससुद्धा स्वतः खायचा नाही, एवढं आम्हाला दूध पितानाच शिकवलेलं असतं. मामाने बादली पायाने माझ्याकडे सरकवली.

“मला नको. क्लेमेंटला नेऊन दे.”

मला वाटलं, गंमत करतोय.

“त्याची आई अर्ध्या रिझर्व्हच्या वामा सोलून द्यायची. ती गेल्यापासून त्या घरात वाम गेली नाही. ज्याच्याकडे नाही, त्याला द्यायची.”

“आणि तो ती हातात धरून फोटो काढेल. खाली लिहील, ज्येष्ठांना अर्पण.”

“लिहू दे की.”

“मामा, मी सत्तावन्न वर्षांची आहे. पहिली वाम आयुष्यात एकदाच मिळते. ती मी त्या सोफेवाल्याच्या ताटात घालू?”

मामाने घोंगडी गुडघ्यावर ओढून घेतली. आमच्याकडे म्हातारे एकदाच सांगतात, बळजबरी करत नाहीत. आपलं आपण ठरवायचं. तर मी ठरवते.

१ फेब्रुवारी, रविवार

खाल्ली.

सोलली, मीठ लावलं, तुकडे करून ओव्हनमध्ये ठेवली. चरबी तडतडायला लागली तेव्हा वास रस्त्यापर्यंत गेला असेल. बटाटे आणि तव्यावरची गरम लुस्किनिगन भाकरी. बोटं चाटून खाल्ली, एकटीने. ट्रीनाला बोलावलंही नाही, कारण तिने विचारलं असतं.

क्लेमेंटसाठी डोकं उरलंय. हवं तर फोटोला नेऊ देत.

८ फेब्रुवारी, रविवार

काल काही नाही. आजही काही नाही. एवढी भोकं पाडली की खाडीची चाळण झाली. थंडी फार आहे, खोल गेल्या असतील.

मामाने आज एकदाही विचारलं नाही, काय लागलं म्हणून.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सुनावणी झाली. अजून रागाने धुमसतेय.

समिती स्टेजवर, टेबलामागे. मामा आला नाही, बरं झालं. अध्यक्ष एक पिकल्या केसांच्या बाई, चष्मा गळ्यात. आधी कंपनीचा मासेतज्ज्ञ, दाढीवाला पोरगेला. ऑगस्टमध्ये खाडीत पिंजरे लावले होते, एकही वाम सापडली नाही. मी मागून ओरडले, “ऑगस्टमध्ये ती तिथे राहतच नाही, बाबा. तू उन्हाळ्यात येऊन हिवाळ्याचं घर बंद बघून गेलास.” लोक हसले. बाई म्हणाल्या, तुमची वेळ येईल.

मग क्लेमेंट. बहीण. आठवण. पाणी. समितीतला एक जण चक्क पेंगला. मग कंपनीचा वकील उठला, अगदी गोड आवाजात. “या खाडीत अलीकडे प्रत्यक्ष वाम कुणी मारली, सांगाल?” क्लेमेंटने पाण्याचा ग्लास उचलला. पिऊन संपला तरी धरून बसला.

मी उठले. “मी मारली. याच हिवाळ्यात.”

“आपण ज्येष्ठ आहात?”

“छे. मी शाळेची बस चालवते.”

“मारताना कुणी पाहिलं?”

“माझ्या मामाने.”

“ते इथे आहेत?”

“नाहीत.”

“बरं. वाम कुणाला दिलीत? मला सांगण्यात आलंय की तुमच्यात पहिली वाम दुसऱ्याला देतात. ज्यांना दिलीत ते तरी सांगतील.”

हे त्याला कुठून कळलं? क्लेमेंटच्या भाषणातूनच! आणि मी उभी. शेवटी म्हटलं, “मी खाल्ली.”

वकिलाला त्यात काय वावगं ते कळलंही नाही, त्याने फक्त साक्षीदार नाही एवढंच लिहून घेतलं. आमच्या लोकांना मात्र सगळं कळलं. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि हळूच पुन्हा पुढे बघायला लागले. मला कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

अध्यक्षबाई म्हणाल्या, आम्ही स्वतः बर्फावर येऊन बघू. अठ्ठावीस तारखेला. तेव्हा दाखवा.

म्हणजे त्या दिवशी वाम वर आली तर खाडीला आशा. नाही आली तर कंपनीचं ‘कुणी नाही, काही नाही’ खरं. आणि सगळं या दोन हातांवर!

१४ फेब्रुवारी, शनिवार

काही नाही. दिवसभर काहीही नाही.

मामाला अर्थातच कळलंय. ट्रीना बोलली, म्हणजे सगळं रिझर्व्ह बोललं. ती माझ्याशी बोलत नाहीये ते वेगळंच. बर्फावर मामा शांतपणे म्हणाला, “चवीला कशी होती?”

“चांगली होती.”

“असणारच. मॅडलिनच्या खाडीची.”

मी म्हटलं, मामा, या सगळ्या जुन्या समजुती. हवा बदलली म्हणून मिळत नाहीयेत. एका वामेचा इतका काय बाऊ?

तेव्हा तो बोलला. इतकं सलग तो कधी बोलत नाही. “राजाशी केलेला तह कालचा. वामेशी आपला तह त्याच्या कितीतरी आधीचा. ती अंग देते, आपण पहिलं अंग पुढे देतो. तुझं अर्धं तू गिळलंस, आणि त्यांनी त्यांचं अर्धं पाळावं म्हणून हॉलमध्ये बोंबलतेस. ते काय वेगळं करतायत?”

“मग आता काय करू?”

“ज्याची खाल्लीस त्याला जाऊन सांग.”

त्या रिबनवाल्याला? मी? मेले तरी नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

राखेचा बुधवार. चर्चमध्ये कपाळाला राख लावून घेतली. क्लेमेंट माझ्या पुढे रांगेत, वेणी नीट विंचरलेली. पाद्री म्हणाले, तू माती आहेस. मनात म्हटलं, त्याला जरा मोठ्याने सांगा.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी पुन्हा रिकामी परत आले. काय अवदसा आठवली, पिकअप थेट त्याच्या दारात नेऊन लावली. म्हटलं, सांगून टाकते आणि मोकळी होते. आतही जायचं नाही.

दाराशेजारी भिंतीवर त्याच्या आईची वाम सोलायची फळी, अजून. वर लोखंडी आकडा. गंज नाही. कुणीतरी तेल लावत असणार.

मी उभ्या उभ्या सांगितलं. “मला पहिली वाम मिळाली होती. मामाने ती तुला द्यायला सांगितली. मी दिली नाही. खाल्ली. झालं.”

वाटलं होतं, आता भाषण ऐकावं लागणार. तो म्हणाला, “एम्ब्रोझने? मला?”

“हो.”

“मला द्यायला सांगितली?”

“बहिरा आहेस का?”

त्याने खुर्ची ओढली आणि बसला. मग चहा केला. मी नको म्हटलेलं त्याला ऐकूच गेलं नाही. चहा पिता पिता सांगितलं — तो बर्फावर कधीच गेलेला नाही. एकदाही नाही. बाप हिवाळ्यात गेला, कुणीतरी उघडं सोडलेल्या भोकात, फांदी नव्हती. आईने त्याला पुन्हा काठापर्यंतसुद्धा जाऊ दिलं नाही. म्हणाली, सिडनीला जा, सोफे विक, लाकूड विक, काहीही कर, पण बर्फावर जाऊ नकोस.

मला हे ठाऊक होतं. म्हणजे त्याचा बाप बुडाला हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण मी ते आणि हा, असं कधी जोडून पाहिलं नव्हतं. तरी जीभ गप्प बसते का?

“मग हॉलमध्ये दोन दोन तास काय दिवे लावतोस?”

“आई सोलता सोलता जे बोलायची तेच बोलतो. माझ्याकडे तेवढंच आहे.”

“तुझी आई म्हणायची, वाम म्हणजे बहीण?”

“आई म्हणायची, वाम म्हणजे चिकट बया, हातात राहत नाही. बहीण मी घातलं.”

मला हसू आलं. मग राग आला, हसू आलं म्हणून. चहा अर्धा टाकून निघाले. दारात म्हणाला, “लोरेटा, कशी लागली?” मी म्हटलं, काय? “वाम.” मी सांगितलं नाही. पिकअपमध्ये बसून उगाच रडले. डोळ्यात वारा गेला असेल.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

हवा उबदार. छपरावरून पाणी ठिबकतंय. परवापर्यंत बर्फ टिकला पाहिजे. संत ॲनबाई, आमच्याकडे बघ, माझ्याकडे नको बघूस हवं तर.

२८ फेब्रुवारी, शनिवार

लिहून काढते, नाहीतर झोप लागायची नाही.

बर्फ टिकला. समिती आली, सगळ्यांना सारखेच नवे कोरे रबरी बूट. अध्यक्षबाई पहिल्याच पावलाला घसरल्या, पण हसल्या. दाढीवाल्या तज्ज्ञाच्या हातात कसलंसं यंत्र, वकिलाच्या हातात कागद. ट्रीना. केंद्राची माणसं. मामा घसरगाडीवर, घोंगडी पांघरून. क्लेमेंट काठावर उभा, जाड कोटावरून रिबिनींचा सदरा चढवलेला, बुजगावण्यासारखा. बर्फावर पाय नाही.

मी पहिलं भोक पाडलं. खुपसलं, फिरले. काही नाही. फांदी. दुसरं. काही नाही. फांदी. वकिलाने घड्याळ पाहिलं. तज्ज्ञ बाईंना हळूच सांगत होता की गाळ उत्तम दिसतोय पण प्रजाती आढळत नाही. प्रजाती! हाताची सालं निघाली तरी मी थांबले नाही. मला आतून कळत होतं, माझ्या भाल्याला आज काही लागणार नाही. समजुती म्हणा, काही म्हणा. मला कळत होतं.

मामा आपल्या भाषेत म्हणाला, “पुरे. भाला त्याला दे.”

“मामा, तो सगळ्यांसमोर आपल्याला तोंडघशी पाडेल.”

“तू आत्ता काय करतेयस?”

मी काठाकडे वळले. म्हटलं, “ये, रिबनवाल्या.”

तो आला. एक एक फांदी बघत, प्रत्येक भोकाला वळसा घालून. चेहरा कागदासारखा. जवळ आल्यावर भाल्याला हात न लावता आधी अध्यक्षबाईंकडे वळला.

“मी हा आजवर कधी हातात धरलेला नाही,” तो म्हणाला. “मी बर्फावरही आज पहिल्यांदा आलोय.”

वकिलाचा पेन सरसर चालायला लागला. बाईंनी चष्मा चढवला. “पण तुम्ही तर यांचे ज्येष्ठ म्हणून बोललात ना?”

“हॉलमध्ये बोललो ते आईचं ऐकलेलं. इथे मी नवखा आहे. ही शिकवेल तसं करीन.”

आणि माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मला काही शिकवता येत नाही! पण भाला त्याच्या हातात होता आणि भोकाच्या कडेला त्याचं पाऊल पुढे पडेना, तेव्हा मी त्याच्या कोटाची मागची कड मुठीत धरली आणि म्हटलं, सोड खाली. मी धरलंय. बर्फ फुटला तर दोघं जाऊ.

तो खुपसायला लागला, भीतभीत. आणि माझ्याच तोंडून निघालं, “काय लागलं?”

“चिखल.”

“कसला चिखल?”

मागून मामा खोकला. मुद्दाम खोकला, मला माहीत आहे.

क्लेमेंट मात्र रागावला नाही. डोळे मिटून म्हणाला, “मऊ. थंडगार लोण्यासारखा. इथे गवताची मुळं. इथे पुन्हा मऊ.” मला एवढ्या दिवसांत तेच का सांगता आलं नव्हतं? तो गोल फिरला. मी कोट धरून त्याच्याबरोबर फिरले. आम्ही दोघं कसे दिसत असू, देवाला ठाऊक. मग तो थांबला.

“लोरेटा. दबतंय. आणि ढकलतंय.”

“मग बोलत काय बसलास? दाब.”

वर आली. माझ्यापेक्षा मोठी — म्हणजे माझ्या त्या वामेपेक्षा. बर्फावर आपटली, तिने गाठ मारली, सोडली, अध्यक्षबाईंच्या नव्या बुटावरून गेली. बाईंनी हातमोजा काढून तिला हात लावला. दाढीवाला गुडघ्यावर बसला आणि यंत्र बाजूला ठेवून नुसता बघत राहिला. क्लेमेंट रडत होता, सगळ्यांसमोर, नाक पुसायचंही भान नाही. मी माझा रुमाल दिला. शाळेतली सवय अजून गेली नाही.

वकील म्हणाला, एका वामेने काही सिद्ध होत नाही. बाई म्हणाल्या, एका वामेने ‘कुणी नाही, काही नाही’ हे मात्र खोटं ठरतं. आणि हा ती मारायला कसा शिकला, तेही मी लिहून घेतलंय. निकाल वसंतात येईल. बाईंच्या तोंडावरून काही कळलं नाही, पण जाताना त्या घसरगाडीपाशी गेल्या आणि मामाशी बोलायला खाली वाकून उभ्या राहिल्या. मामा बसलेलाच होता.

मला शेवटपर्यंत एकही लागली नाही. क्लेमेंटने आपली वाम बादलीत घातली आणि मामाच्या मागोमाग गेला. जाऊ दे. मामाने हक्काने घ्यावी.

१ मार्च, रविवार

सकाळी दार उघडलं तर पायरीवर बादली. वर फरची फांदी. आत कालची वाम, अख्खी, तुकडासुद्धा न काढलेली.

मामाला फोन केला. म्हटलं, क्लेमेंट चुकून तुझी वाम माझ्या दारात ठेवून गेलाय. मामा म्हणाला, चुकून नाही. आधी माझ्याकडेच आणली होती. मीच त्याला तुझं दार सांगितलं. ज्याने कोट धरला, त्याची.

फोन ठेवून कितीतरी वेळ पायरीवर बसले. मला कुणी नेमलं नाही. पत्रक निघालं नाही. रिबनसुद्धा नाही अंगावर. आणि झाले की म्हातारी.

सोलायला घेतली. मागचा भाग मामाला, मधला चर्चमागच्या म्हाताऱ्यांना, ट्रीनालाही एक. मला एक छोटा पुरे. क्लेमेंटला मात्र यातलं काही चालणार नाही, त्याची पहिली आहे. मी त्याला द्यायची ती वाम अजून बाकीच आहे. बर्फ आहे तोवर जाऊन बघते. भाला पिकअपमध्ये टाकलाय.